उसनी चाल

हातचे एकेक चित्रपट गेले, तेव्हा कॅमेरा चालवणाऱ्या सगुणा मोहितेने कॅमेरा पेलणारं नवं जाकीट घ्यायचं ठरवलं. ही जाकिटं कुणा मुरलेल्या कॅमेरावाल्याची चाल शिकलेली येत. अंगात घातलं की नवख्याच्या हातातला कॅमेराही डुगडुगत नसे.

दुकानदार चौगुल्यांनी तिच्या पाठीवर पट्टे आवळले. "ही चाल घ्या, ताई. सगळे हीच मागतात. रोज नवा बारकावा येतो हिच्यात."

सगुणा कॅमेरा धरून दाराकडे निघाली. दुकानाला उंबरा नव्हता, जमीन सपाट होती, तरी दाराशी जाकिटाने तिची कंबर उचलून उजवा पाय अलगद पलीकडे टाकायला लावला. हे तिचंच पाऊल होतं. उंबऱ्याला पाय लावायचा नाही, हे आईने तिच्या पायांत लहानपणीच भिनवलं होतं.

"माझं जाकीट दुरुस्तीला तुमच्याकडेच येतं ना, चौगुले? चाल माझी, तुम्ही ती त्यातून उतरवून घेतलीत. वर मलाच विकताय."

"सगळीच दुकानं करतात, ताई."

"आणि रोजचा बारकावा? मी सकाळी घरी सराव करते, तो माझ्या जाकिटातून तुमच्याकडे पोचतो?"

चौगुले पट्टा गुंडाळत राहिले.

सगुणाने आपलं जुनं जाकीट चढवलं आणि ती मुद्दाम लंगडत बाहेर पडली. घरी पोचल्यावर आयुष्यात पहिल्यांदा तिने उंबऱ्यावर दाणकन पाय दिला. मग मागे फिरून पुन्हा दिला, संध्याकाळपर्यंत देत राहिली.

दुसऱ्या दिवशी राज्यातले त्या चालीचे सगळे कॅमेरे लंगडत होते, आणि प्रत्येक दाराशी ठेचकाळत होते.