तोंडात कापूस

अळणावरजवळच्या त्या गावात मिशनवाल्यांच्या शिबिराचा हिशेब चोख होता. दात फुकट काढायचा, अर्धा तास तोंडात कापूस धरून बसायला सांगायचं आणि तेवढ्यात गोष्ट ऐकवायची. मधे तोंड उघडणार कोण?

दात काढून बसलेल्या तानूबाईचा जीव मात्र नुसता वरखाली होत होता. हुबळीचे पास्टर रंगात आले होते. गोष्टीतला धाकटा मुलगा बापाकडून घेतलेली वाटणी उधळून परत आला. बापानं त्याला मिठी मारली, गावजेवण घातलं. थोरला रुसून दाराबाहेरच उभा राहिला, तसा बाप त्याची समजूत घालायला बाहेर आला. एवढं सांगून पास्टरनी पुस्तक मिटलं, डोळे मिटले आणि प्रार्थनेला हात जोडले.

तानूबाईनं कापूस काढून फेकलाच. "अहो अण्णा, हात मग जोडा! थोरला आत आला का नाही?"

"अव्वा, बोलू नका, रक्त येईल," पास्टर हसले. "पुस्तकात एवढंच आहे."

"एवढंच?" तानूबाई पदर खोचून उभी राहिली. "मग उठा, माझ्या घरी चला आणि हीच गोष्ट सतीशला सांगा! धाकटा परत आल्यापासून माझा हा थोरला गोठ्यात बसून जेवतोय."