चिमूटभर वाटा

कित्येक महिन्यांनी वैजयंती उशीला न टेकता बसली होती. कर्करोग हाडांत पसरला होता, पण आज सकाळपासून ठणका अजिबात नव्हता. नवऱ्यानं, श्रीरंगनं, केलेलं थालीपीठ खात तिनं आपला ब्लॉग उघडला.

पोस्टखाली अंगठा टेकवला, की लिहिणाऱ्याच्या वेदनेतला चिमूटभर वाटा वाचणाऱ्याकडे जायचा. वाचक हळहळत, क्षणभर अंगठा टेकवत आणि पुढे जात. काल तिनं चिडूनच लिहिलं होतं, 'थांबत कुणीच नाही.'

खाली एकच नवी प्रतिक्रिया होती. तिचे सगळ्यात जुने वाचक, देवरुखचे शेट्ये सर, त्यांच्या सुनेची.

'ताई, मामंजींनी कालपासून अंगठा उचललेला नाही. तुम्हाला बरं वाटेपर्यंत थांबतो म्हणाले. आता त्यांना बोलताही येत नाही, नुसते कण्हतात. आम्ही ओढूनही हात सुटत नाही. तेवढी ती पोस्ट काढून टाका.'

पोस्ट काढली की सगळं दुखणं पुन्हा आपल्या हाडांत येणार, हे वैजयंतीला ठाऊक होतं.

"अजून एक वाढू?" श्रीरंगनं विचारलं. ती जेवतेय हे बघूनच त्याचा चेहरा फुलला होता.

तिनं फोन पालथा ठेवला.

"वाढ," ती म्हणाली. "आणि लोणी जरा जास्त घाल."