खिडकीजवळचं कपाट

"खिडकीजवळचं ते कपाट कोण उघडतं?"

हेतल मॅडमनी हे अख्ख्या वाचनकक्षाला विचारलं होतं, पण नवसीला वाटलं, आपल्यालाच विचारलं. कारण ते कपाट तीच उघडायची. रोज उघडायची, आणि दुसरं कुणी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हतं.

पालघरच्या या विद्यापीठ केंद्राच्या ग्रंथालयात हेतल मॅडम म्हणजे सर्वेसर्वा. आवाज कधी चढवत नसत, तरी त्या खुर्चीतून उठल्या की स्पर्धा परीक्षेची पोरं मोबाइल गुपचूप खिशात घालायची. आज त्या उठून थेट कपाटापाशी उभ्या होत्या. बरोबर शिपाई रामनाथ होता आणि त्याच्या हातात रिकामी पोती होती.

पोती बघून नवसीचा उरलासुरला धीर सुटला. काहीतरी हरवलंय. यातलं एखादं पुस्तक गेलंय, आणि आता झडती होणार. बोईसरला कॉलेजात असताना असंच एक पुस्तक गायब झालं होतं. वर्गात एवढी पोरं, पण दप्तर आधी उघडलं गेलं ते मासवणच्या पुढच्या पाड्यावरून येणाऱ्या या मुलीचं. पुस्तक नंतर सरांच्याच घरी सापडलं. पण तिची भाकरी, तिचा कंगवा, सगळं सगळ्यांसमोर टेबलावर मांडलं गेलं होतं, ते काही तिच्या मनातून गेलं नाही. तेव्हापासून तिनं एक पक्कं केलं होतं. कुठंही बसायचं तर असं, की उठल्यावर तिथं कुणी बसलं होतं हे कळूच नये.

पीएचडीला प्रवेश घेतला तेव्हा सुरुवातीला तिच्या हाती काहीच लागत नव्हतं. डोंगरउतारावर पूर्वी कोणकोणतं भात पेरलं जाई, हा तिचा विषय. संगणकावर 'पालघर' टाकलं की दोन-चार नवी पुस्तकं यायची, बस्स. मग एकदा तिच्या डोक्यात ट्यूब पेटली. पालघर जिल्हा कालपरवा ठाण्यातून वेगळा झालेला. जुनं सगळं 'ठाणे' या नावाखालीच असणार! तिनं 'ठाणे' टाकलं आणि थेट या कपाटापाशी येऊन पोचली. पिवळे पडलेले पीकपाण्याचे अहवाल, कुणाकुणाच्या पाहण्या, कोपरे कुरतडलेली सर्वेक्षणं. एका पुस्तकाची तळटीप दुसऱ्याकडे बोट दाखवायची, दुसऱ्याची तिसऱ्याकडे, आणि गंमत म्हणजे तिन्ही याच कपाटात. तिची आई कमळी ज्या भाताचं नाव अजून घेते, ते एका अहवालात छापलेलं दिसलं तेव्हा तर ती एकटीच खुदकन हसली होती. पहिलं प्रकरण कसंबसं लिहून झालं होतं. पुढचा सगळा प्रबंध या कपाटावरच उभा राहायचा होता.

"कुणीच नाही?" मॅडमची नजर टेबलांवरून फिरत फिरत नवसीवर थांबली. "नवसी, तू रोज इथंच बसतेस ना? तू उघडतेस का हे?"

नवसीनं खरं बोलायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं भलतंच.

"नाय मॅडम. मी नाय हात लावला."

मॅडमनी सुस्कारा सोडला. "वाटलंच होतं. रामनाथ, भर सगळं. संगणकांच्या टेबलांना जागा हवीय, आणि वर्षभरात यातलं एक पुस्तक कुणी वाचल्याचं दिसत नाही. रद्दीवाला खाली थांबलाय. एकानं जरी हो म्हटलं असतं ना, तर मी ठेवलं असतं."

रामनाथनं पहिला गठ्ठा पोत्यात टाकला. धप्पकन आवाज झाला. मघाशी नवसी स्वतःसाठी घाबरली होती. आता जी भीती दाटली ती निराळीच होती. आता हो म्हणावं, तर खोटारडी ठरणार. आणि जी खोटं बोलते ती पुस्तकं पळवत नसेल कशावरून? गप्प बसावं, तर कपाट गेलं. या पुस्तकांच्या दुसऱ्या प्रती कुठं असतील, मुळात असतील तरी का, देव जाणे. रामनाथनं पुढचा अहवाल उचलला. त्याचा फाटका निळा पुठ्ठा तिनं लांबूनच ओळखला. आईचं भात त्यातच होतं.

आपण कधी उठलो ते तिचं तिलाच कळलं नाही. तिनं जाऊन पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी आवळून धरलं.

"मी खोटं बोलली मॅडम. मीच उघडते. रोज. सगळी वाचलीत मी." आणि रडू फुटायच्या आत तिनं घाईघाईनं म्हणून टाकलं, "पायजे तर बॅग बघा माझी."

"बॅग?" मॅडमना काही कळेना. "बॅग कशाला बघू? मला एवढंच सांग, रोज वाचतेस, तर एकही पुस्तक कधी टेबलावर कसं दिसलं नाही? वाचून झालं की टेबलावरच ठेवा, अशी पाटी लावलीय की!"

पाटी नवसीनं पहिल्याच दिवशी वाचली होती. पण असल्या पाट्या आपल्यासाठी असतात, असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

"मी जागच्या जागी ठेवायची," ती पुटपुटली. "आमी पसारा केला तर परत येऊ देणार नाय, असं वाटलं."

हेतल मॅडमनी रामनाथच्या हातातला निळा अहवाल काढून घेतला आणि तिच्या टेबलावर उघडा ठेवला.

"अगं वेडे, संध्याकाळी टेबलावर जे पडलेलं असतं, तेवढंच आम्ही वाचलं गेलं असं धरतो. इथं पसाराच मोजतात."