शेवटच्याला उरेल ते

त्या दुपारी पट्टीचे दोन दात पडले. कंपनीच्या नोंदीत मात्र तो दिवस अगदी नेहमीसारखा गेला आहे, तेव्हा आपणही दात जागच्या जागी आहेत असं धरून सुरुवात करू.

पट्टी (ऑफिसात सगळे त्याला याच नावाने हाक मारत) कारखान्यांतल्या यंत्रांवरचे पडदे, म्हणजे स्क्रीन, संगणकावर लिहायचा. पडद्यावर कुठलं बटण केवढं, कुठली सूचना कुठे, हे ठरवणारी चौकट त्याने स्वतः रचली होती. तयार मिळणारी त्याला पटत नसे. त्याची चौकट आतल्या प्रत्येकाला आधी विचारायची, 'बाबा रे, तुला किती जागा हवी?' मग वरून खाली वाटत जायची. शेवटच्याला उरेल ते.

पावणेतीनला दार उघडलं, म्हणजे बिजागरीसकट आत आलं. त्यामागोमाग पत्र्याच्या कारखान्यातला, पत्रा दाबायच्या यंत्रावरचा प्रेसवाला.

"चौकटवाला कोण?"

साहेबांनी तत्परतेने पट्टीकडे बोट दाखवलं. पट्टी नम्रपणे उठून उभा राहिला. दात गेले ते इथे.

"काल माझी धाकटी बहीण यंत्रावर होती," प्रेसवाला म्हणाला. एवढं करूनही त्याला दम लागलेला नव्हता. "हात आत अडकला. पडद्यावर 'थांबवा' शोधत बसली. कुठंय 'थांबवा'?"

पट्टीने रक्त गिळून पडदा उघडला. त्याच्या टेबलावरच्या ऐसपैस पडद्यावर 'थांबवा' कलिंगडाएवढं लाल दिसत होतं. यंत्रावरचा पडदा तळहाताएवढा. ते माप टाकल्याबरोबर कलिंगडाची केसाएवढी रेघ झाली. वरची सगळी जागा सूचनेने खाल्ली होती. गेल्याच आठवड्यात ती वाढवून तीन ओळींची केली होती : 'आपली सुरक्षितता हेच आमचे पहिले कर्तव्य. यंत्र चालू असताना कृपया हात आत घालू नये.'

"यंत्राला खरंखुरं बटण असेल ना पण?" पट्टीने विचारलं.

"होतं. तुमचा पडदा आला तेव्हा काढून टाकलं."

"अहो, पण 'थांबवा'ला विचारलं होतं, किती जागा हवी म्हणून," पट्टी म्हणाला. "माझी चौकट प्रत्येकाला विचारते."

"विचारते होय? वा." प्रेसवाला साहेबांकडे वळला. "यांना किती जागा लागते?"

पट्टीने सवयीने नजरेनेच माप घेतलं. "दोन फूट. जेवल्यावर सव्वादोन."

"आणि कपाट नि भिंतीच्या मध्ये किती आहे?"

"नऊ इंच."

साहेब नऊ इंचांत बसले. आधी बसत नव्हते, तिसऱ्या लाथेला बसले. आत बरगडीसारखं काहीतरी वाजलं.

"विचारलं होतं हां मी," प्रेसवाला म्हणाला.

मग त्याने पट्टीचा उजवा हात धरला, कागद कापायच्या कटरवर नीट चार बोटं जुळवून ठेवला, आणि पात्याचा दांडा आपल्या मुठीत घेतला.

"तीनला दुसरी पाळी. पंधराजणी बसतात. बदल."

"डाव्या हाताने?"

"तिनंही डाव्यानंच दाबलं. त्या रेघेवर. कितीदा दाबलं ते तिलाच विचार."

पट्टी डाव्या हाताने लिहू लागला. आधी 'थांबवा'ला त्याचं माप, त्याहून कमी कधीच नाही. बाकीच्यांनी उरलेल्यात भागवायचं. दोन ओळींचं काम. पण घाईत एक कंस सुटला, पडदा काळा झाला आणि पातं किंचित खाली आलं. चारही बोटांवर एका सरळ रेषेत रक्त उमटलं. असा कंस शोधायला एरवी पट्टीला अर्धा तास आणि दोन चहा लागत. आज तो लगेच सापडला.

"सूचना कापली जातेय!" साहेब फटीतून ओरडले. तिथून त्यांना पडदा छान दिसत होता. "तिसरी ओळ गेली अख्खी! त्याला मान्यता लागेल!"

"सूचनेचं रक्त येत नाही," प्रेसवाला म्हणाला. "पाठव रे."

तीनला चार मिनिटं कमी असताना सोळांपैकी पंधरा यंत्रांनी नवा पडदा घेतला. पट्टी वाट बघत राहिला.

"एक घेत नाहीये."

"ते बंद आहे. धुतायत."

कटरचा दांडा हळूहळू वर गेला. पट्टीने हात काढून घेतला आणि बोटं मोजली. एकदा मोजून भागलं नाही.

साहेबांनी फटीतूनच खाकरून नियम सांगितला, "ग्राहकाने बदलाचा अर्ज भरला नाही, तर पाच वाजता जुना पडदा आपोआप परत येतो."

"आपोआप?"

"पद्धत आहे तशी. काहीही लिहा हो, वाचत कोणी नाही. रकाने भरलेले असले की झालं."

प्रेसवाल्याने हात शर्टाला पुसले आणि तो पट्टीच्या खुर्चीत बसला. शाळेत पहिल्यांदा बसवलेल्या पोरासारखा, अगदी टोकावर. तो एका बोटाने एकेक अक्षर दाबत होता आणि पट्टी मागे उभा राहून काना-मात्रा सांगत होता.

'घटकाचे नाव' या रकान्यात त्याने लिहिलं : उजव्या हाताची तर्जनी व मधले बोट.

'सध्याचे माप' : शून्य.

'अपेक्षित माप' : होते तेवढे.

आणि खाली, 'विनंतीचा तपशील' :

'सदर दोन्ही घटक मूळ मापात व मूळ जागी, उद्याच्या पहिल्या पाळीपूर्वी पूर्ववत बसवून मिळावेत, ही नम्र विनंती.'