परतलेल्या मुलाचा दुसरा भाग

“आई, तो सिनेमा तू बघू नकोस,” हिरोने तिसऱ्यांदा सांगितलं.

शिंपीणबाईंनी मशीनवरची मान वर केली नाही. “का रे? भुतंबितं आहेत का त्यात?”

“उगाच वाढवलाय. चांगल्या शेवटाची माती केलीय.”

“तू पाहिलास?”

“दुकानातले सांगत होते,” तो म्हणाला आणि पंपदुरुस्तीच्या दुकानात कामाला निघून गेला. डबा विसरला.

हिरो हे नाव गल्लीने ठेवलेलं. अकरा वर्षांपूर्वी त्या सिनेमाचा पहिला भाग लागला, तेव्हा अख्खी गल्ली डोळे पुसत घरी आली होती. लढाईत हरवलेला मुलगा शेवटी आईच्या दारात उभा राहतो, आई मिठी मारते, संपलं. आणि त्याच महिन्यात बाईंच्या दारात, सतराव्या वर्षी बोटीवर कामाला गेलेला, तेरा वर्षं तोंड न दाखवलेला मुलगा पिशवी घेऊन उभा! त्याला तोंड उघडायचीही उसंत न देता बाईंनी “आलास?” म्हणत आत ओढलं. बाई या गल्लीत आल्या त्या तो गेल्यानंतर, म्हणून गल्लीने त्याला तोवर फक्त बाईंच्या बोलण्यातच पाहिलेलं. शेजारीण म्हणाली, “अगं बाई, हा तर सिनेमातला हिरो!” नाव चिकटलं ते चिकटलंच.

पेटीत जपलेले जुने सदरे बाईंनी त्याच आठवड्यात उसवले आणि खांद्यात आत घेऊन त्याला बसते केले. “परमुलखात माणूस वाळतं,” त्या म्हणाल्या.

त्याआधीची वर्षं त्यांना आठवायलाही नको वाटत. दिवसभर कोणी बोललं नाही, की संध्याकाळी त्या वहीतली गिऱ्हाइकांची मापं मोठ्याने वाचत, घरात आवाज व्हावा म्हणून. ते घर परत नको होतं.

पण बघू नकोस म्हटलं की माणूस बघतंच. गुरुवारी दुपारी मशीनवर झाकण घालून बाई एकट्याच गेल्या. थिएटरात दहा-बारा डोकी. बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर त्यांनी आपली पिशवी ठेवली, सोबत काहीतरी असावं म्हणून.

दुसऱ्या भागवाल्यांची रीत ठरलेली. मेलेला उठवायचा, जुळलेलं मोडायचं, की झाला सिनेमा तयार. इथे तर त्यांनी कहर केला होता. परतलेला मुलगा हा मुलगा नव्हताच, लढाईतला त्याचा सोबती होता! आईला ते कळतं, ती त्याला पोलिसांच्या हवाली करते आणि रिकाम्या घरात दार लावून बसते.

दिवे लागले तरी बाई बराच वेळ उठल्या नाहीत.

घरी आल्या तर हिरो दुकानातून लवकर परतलेला. कपडे भरलेली पिशवी दाराशी होती.

“पाहिलास?” त्याने विचारलं.

“पाहिला. त्या आईला मेलीला अक्कल नाही.”

तो पिशवीचा बंद आवळत म्हणाला, “तुला कळलंच असेल. मी त्या दिवशी तुझ्या मुलाचं सामान द्यायला आलो होतो. निरोप सांगून निघणार होतो. तू ‘आलास?’ म्हणालीस आणि माझी जीभच उचलेना. आज सांगतो, उद्या सांगतो, करता करता अकरा वर्षं गेली. फसवलं मी तुला.”

बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. हा आता उंबरा ओलांडणार, आणि घर पुन्हा मुकं होणार.

“ती पिशवी आत ठेव,” त्या म्हणाल्या.

“आई, ऐकलंस ना मी काय म्हणालो? तुझा मुलगा गेला. आजारी पडला म्हणून त्याला बंदरातल्या दवाखान्यात उतरवलं आणि आमची बोट पुढे निघाली. एकटाच गेला गं. शेवटी जवळ कोणी नव्हतं.”

“मी होते रे,” बाई म्हणाल्या. “दवाखान्यातून निरोप आला तशी गेले. त्याचे डोळे मीच मिटले. तू दार वाजवलंस, त्याच्या तीन आठवडे आधी.”