थंडीचे टायर

“चाचा, हे टायर उन्हाळ्याचे आहेत,” हॅन्सेल म्हणाला आणि चाकाजवळून उठताना त्याने मान हलवली. डॉक्टर रिपोर्ट बघून हलवतात तशी.

जैनुद्दीन चाचांचा चेहरा उतरला. ती लाल स्पोर्ट्स कार त्यांच्या मुलाची होती. अर्सलान कंपनीच्या कामासाठी दोन महिने लंडनला गेला होता. बॅटरी बसू नये म्हणून चाचा रोज सकाळी गाडी बहरीनमधल्या त्यांच्या उम्म अल हस्सम वस्तीच्या गल्ल्यांतून फिरवत. सायकलवाले पुढे निघून जात, इतक्या सावकाश. आज पारा तेरावर आला आणि गाडी सुरू करताच समोर पिवळा दिवा लागला. टायरचा.

“माझ्या हातून बिघडली काय रे?”

“स्पोर्ट्स कारचं रबर नाजूक असतं, चाचा. थंडीत कडक होतं. ब्रेक मारला की घसरलीच गाडी.”

यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, फक्त युरोपात. दिवा का लागला ते हॅन्सेलला ठाऊक होतं. थंडीची पहिली सकाळ आली की टायरमधली हवा आकसते आणि अर्ध्या मनामा शहरात हा दिवा लागतो. हवा भरली की जातो. दोन मिनिटांचं काम, आणि सल्माबादमधल्या या टायरच्या दुकानात ते फुकट होतं. पण मागच्या रॅकवर नेमक्या याच मापाचे चार टायर दोन वर्षं धूळ खात पडले होते. त्यांच्या कडेवर डोंगराचं चित्र होतं आणि डोंगरात बर्फाची चांदणी, म्हणजे बर्फाळ रस्त्यांच्या टायरची खूण. बहरीनमध्ये बर्फ असतो तो मासळीवर.

हॅन्सेलला माणसं वाचता येत. वसईहून येऊन अकरा वर्षं काउंटरमागे काढली की कोणालाही येतात. चाचांकडे त्याने एकदाच पाहिलं. गळ्याला मफलर, हातात मुलाची किल्ली, आणि किल्ली धरलेली अशी, जणू दुसऱ्याचं तान्हं मूल. अशी माणसं भाव विचारत नाहीत.

“अर्सलानला कळेल काय?” चाचांनी विचारलं.

“कळलं तर खूशच होईल.”

चाचा सैल झाले. “दुसरीकडे गेलो असतो तर धाकधूक वाटली असती. तुला फोनवर मराठी बोलताना ऐकलं नि आत शिरलो. हिंदीत कोण पण फसवतो, बाबा. आपल्या बोलीत खोटं बोलताना जीभ अडखळते.”

“अडखळणारच,” हॅन्सेल न अडखळता म्हणाला.

नवे टायर बसले. दिवा गेला. चाचांनी वाकून ती बर्फाची चांदणी बोटाने चाचपून पाहिली आणि समाधानाने मफलर नीट केला. उतरवलेले टायर जेमतेम घासलेले होते. संध्याकाळपर्यंत ते विकले जाऊन दुसऱ्या कोणाच्या गाडीला बसले.

तीन आठवड्यांनी लाल गाडी परत आली. चालवत होता अर्सलान. चाचा शेजारी बसले होते.

“स्नो टायर्स? इन बहरीन?” दारातूनच तो हसत सुटला. “वेअर आर द ओल्ड वन्स? आय वाँट टु सी देम.”

हॅन्सेलने तोंड उघडायच्या आत चाचा म्हणाले, “मीच म्हटलं, टाकून दे. मी गाडी फुटपाथवर चढवली होती. एकदा नाय, दोनदा.”

“अब्बा! यू वेअर रेसिंग ऑर व्हॉट?”

टायर घ्यायला आलेले दोघंतिघं हसले. चाचा मान खाली घालून उभे राहिले. त्या चाकांवर एक ओरखडा नव्हता. हॅन्सेलने ती स्वतः उतरवली होती.

अर्सलानचा फोन वाजला. तो बोलत बोलत बाहेर गेला.

“दुसऱ्याच दिवशी आमच्या खालच्या मजल्यावरच्या उबेदच्या टॅक्सीत तोच दिवा लागला,” चाचा काउंटरवरचं पेन सरळ करत म्हणाले. “पेट्रोल पंपावर हवा भरली. गेला.”

हॅन्सेलचे कान तापले. “मग चाचा, तुम्ही आत्ता... माझ्यासाठी कशाला...”

“तुझ्यासाठी नाय.” चाचांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. “पोरगा मराठी बोलत नाय. विचारतो, काय उपयोग? म्हणून टायर घेतले त्याच दिवशी फोन करून मोठ्या तोंडाने सांगितलं, बघ, आपल्या बोलीचा माणूस भेटला म्हणून तुझा बाप फसला नाय. आता ते खोटं कसं पाडू? त्यापेक्षा गाडी चालवता न येणारा म्हातारा बरा.”

अर्सलान आत आला. फोन खिशात घालत त्याने वडिलांना डोळा मारला.

“ओके. जुन्या टायर्सला काय झालं होतं?” मराठी त्याने मोजून मापून काढली. “मराठीत सांग हां. अब्बा म्हणतात, मराठीत खोटं बोललं की जीभ अडखळते.”

चाचा रॅककडे बघू लागले. हॅन्सेलने घसा साफ केला. काही जुळवायचंही नव्हतं. वाक्य म्हाताऱ्याने आयतं करून दिलं होतं, स्वतःची लाज घालून. फक्त म्हणायचं होतं.

“गाडी फुटपाथवर...” तो म्हणाला. पुढचा शब्द येईना. त्याने पुन्हा सुरुवात केली. “फुट... फुटपाथ...”

अर्सलानचं हसू थांबलं. त्याने हॅन्सेलकडे पाहिलं, मग बाहेरच्या चाकांकडे, मग वडिलांकडे.

चाचांनी हळूच मान वर केली.

“बघ,” ते मुलाला म्हणाले, “अडखळते.”