पाचशे बारावा भाग

फोनवर चिनी प्रेमकथेचा रोजचा भाग वाचता वाचता निधी वैतागली. "पाचशे बारा भाग झाले, तरी हा नवरा बायकोला ताकास तूर लागू देत नाही! एका वाक्याचं तर काम आहे."

"सांगितलं तर गोष्टच संपेल ना," बूट घालता घालता परीक्षित म्हणाला. "आणि तिला तरी कळत कसं नाही?"

"तिला पहिल्याच दिवशी कळलंय. तो कधी सांगतोय, याची वाट बघतेय बिचारी."

परीक्षितने बुटाची नाडी घट्ट ओढली. "चल, ऑफिसला उशीर होतोय."

रोजच्याप्रमाणेच निधीने त्याची लॅपटॉपची बॅग उचलून हातात दिली.

त्याची नोकरी गेल्यावर व्हिसाच्या नियमाने मिळालेल्या, नवी नोकरी शोधा नाहीतर अमेरिका सोडा, अशा साठ दिवसांतला आज एकोणसाठावा होता. लॅपटॉप तर कंपनीने पहिल्याच दिवशी काढून घेतला होता.